गाडी स्टँडवर कोण लावतंय

४ नोव्हेंबर

आज जामखेडला जाऊन मोटरसायकल खाली घेतली, उंची कमी केली. कारभारी मिस्त्रीनं मागचे शॉकअप काढून आखूड घातले आणि पुढचे पाईप वर सरकवले. सीटवर बसले आणि पहिल्यांदाच दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले. आत्तापर्यंत एका पायाच्या अंगठ्यावर गाडी धरत होते. मागं लसीचा डबा बांधलेला असला की नुसतं थांबायचं म्हटलं तरी धडधड व्हायची.

गाडी ह्यांची आहे. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि नाही म्हटल्यावर करता आलं नसतं.

हे कारखान्यावर गेलेत, ट्रॅक्टरवर. दरवर्षी आम्ही दोघं कोयत्याला, ऊस तोडायला, जायचो आणि आमच्या पोरीची, निकिताची, शाळा दिवाळीला सुटायची ती पार उन्हाळ्यापर्यंत. यंदा मी पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं. वाड्यावस्त्यांवर जाऊन शेळ्यांना लस टोचते, जंताचं औषध पाजते. जाताना हे म्हणाले, "एक साल बघ करून. न्हाई जमलं तर फुडल्या साली गुमान कोयत्याला चल." म्हणून ही वही घेतली. साल कसं जातंय ते मला तरी कळलं पाहिजे.

घरी आले तर मामा ओट्यावर बसलेले. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "गाडीचं पाय तोडलं." एवढं बोलून रानात गेले. आत्यांनी मात्र विचारलं, आता पाय टेकतात का. टेकतात म्हटल्यावर चहा ठेवला.

६ नोव्हेंबर

खाली घेण्याचं एक वाईट निघालं. डबल स्टँड लागत नाही.

गाडी खाली आली, स्टँड होता तेवढाच राहिला. आता स्टँडवर पाय देऊन गाडी मागं ओढायची तर ती आधीपेक्षा कितीतरी जास्त उचलावी लागते. सकाळी तीनदा प्रयत्न केला. कंबरेत चमक भरली, गाडी हलली नाही. साईड स्टँडचंही तेच. तो आता लांब पडतो. गाडी कलतच नाही, सरळ उभी राहते, कुणी खोकलं तरी पलीकडं जाईल अशी. आमच्या अंगणात उतार, वर मुरूम.

कारभारीला फोन केला. तो म्हणाला, दोन्ही स्टँड थोडे कापून पुन्हा जोडून देतो, काम फत्ते. मी नको म्हटलं. शॉकअप परत बदलता येतात, हे आले की जुने घालून देईन. कापलेलं लोखंड काही वाढत नाही. ह्यांच्या गाडीला कायमचं काही करायला माझा हात होईना.

साईड स्टँडपुरता एक खड्डा केला. त्यात स्टँड टेकवला की गाडी जरा कलते. घरी चालेल. वस्तीवर कुठं खड्डे करत फिरू?

११ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

बारवेच्या वस्तीवर गेले होते, डोंगराच्या पायथ्याला. पीपीआरची लस, शेळ्यांच्या साथीच्या रोगावरची. गाडी साईड स्टँडवर लावली, डबा सोडायला मागं वळले, तेवढ्यात एक बोकड हँडलला घासून गेला. गाडी पलीकडं आडवी. डब्याचं झाकण उडालं, बर्फ मातीत, बाटल्या दगडावर. फुटल्या त्या फुटल्या, राहिल्या त्या उन्हात तापल्या. बायांनी शेळ्या धरून ठेवल्या होत्या त्या सोडून दिल्या. एकीनं म्हटलं, बाप्या माणूस असता तर गाडी तरी नीट लावली असती. दोघींनी मिळून गाडी उभी करून दिली आणि गेल्या. मी तिथंच मातीत बसले. रडले. कुणी बघत नव्हतं म्हणून रडले.

पण बघत होतं. डोळे पुसून वर बघितलं तर लांब चिंचेखाली मामा उभे. तोच मळका फेटा, काठी. मी बघितलं तसे वळून चालायला लागले.

आमच्या घरापासून बारवेपर्यंत चालत जायचं म्हणजे सकाळीच निघावं लागतं. मामा तिथं कशाला आले होते? तिथं त्यांचं ना रान, ना पाहुणा. माझ्या मागावर आले होते, दुसरं काही नाही. गाडी पडलेली बघितली, पुढं आले नाहीत. मनातून बरंच वाटलं असेल.

आत्यांना सगळं सांगितलं, मामांचं सोडून. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि परत परत विचारलं, बारवेपर्यंत एकटी गेलीस का, घाट उतरून गेलीस का. त्यांच्याशी बोललं की हलकं वाटतं. ह्या घरात विश्वासाचं एकच माणूस आहे.

१२ नोव्हेंबर

सकाळी उठले तर गाडी डबल स्टँडवर.

काल मी खड्ड्यात साईड स्टँड टेकवूनच लावली होती, पक्कं आठवतंय. आणि सकाळी मागचं चाक अधांतरी. आत्यांना विचारलं, त्या म्हणाल्या मला त्यातलं काय कळतंय. मामा दात घासत होते. त्यांना विचारलं नाही.

कुणीतरी गाडी नेली आणि परत आणून लावली. शेजारचा भीमा, ह्यांचा चुलतभाऊ, त्याचा डोळा आधीपासून गाडीवर आहे. नाहीतर मामा. पण चावी माझ्या उशाशी होती.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी मीटरचा आकडा हातावर लिहून ठेवला. सकाळी आकडा तोच. गाडी पुन्हा डबल स्टँडवर. पेट्रोल काडी घालून बघितलं, तेवढंच आहे. म्हणजे गाडी कुणी नेत नाही. मग स्टँडवर लावून करतात काय?

आणि आज ह्यांचा फोन. आधी निकिताचं विचारलं, मग एकदम, "परवा बारवंपातूर गेल्तीस म्हनं?"

मी हो म्हटलं. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, कळतं. आवाज नेहमीचा नव्हता.

आता समजलं. मीटर बघायला येतात. किती फिरले ते बघायचं आणि ह्यांना कळवायचं. मामांकडं बटनांचा फोन आहे, रोज संध्याकाळी त्यावर ह्यांचा फोन येतो. फोन असतो चुलीपाशी फडताळात, पण आहे मामांचाच. आत्या म्हणतात, मामा फोनवर "हं" नि "बरं" याच्या पुढं बोलत नाहीत, कानाला कमी येतं. ते आमच्यासमोर. एकटे असले की काय बोलत असतील कोण जाणे.

१७ नोव्हेंबर

मीटरवर फडकं बांधलं. सकाळी गाडी स्टँडवर, फडकं जसंच्या तसं, गाठ माझीच.

मागच्या चाकापाशी एक फळी पडलेली होती. बाभळीची, तळहाताएवढी रुंद, चांगली जाड. अंधारात माझा पाय अडकावा म्हणूनच ठेवली असणार. उचलून चुलीत घातली. चांगली जळली.

जेवताना मामांनी चुलीकडं बघितलं आणि बघतच राहिले. अर्धी भाकरी ताटात सोडून उठले.

१९ नोव्हेंबर

पुन्हा फळी. तशीच, पण हिची एक कड तासून उतरती केलेली. म्हणजे बसून मुद्दाम केलीय. कशासाठी ते कळेना. माझं डोकं एवढंच सांगतं की ज्याचा हेतू कळत नाही ते घरात ठेवू नये. तीही चुलीत.

आज डोंगरवस्तीवर काम चांगलं झालं. लंकाबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांनी गाडी भिंतीला टेकवून लावायला जागा दिली. सगळ्या शेळ्या झाल्या. संध्याकाळी आत्यांनी खोदून खोदून विचारलं, किती शेळ्या, कोण कोण होतं, लोक काय म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्या भाकरी थापता थापता हसत होत्या.

२१ नोव्हेंबर

ह्यांचा फोन. "डोंगरवस्तीला भिंतीला गाडी लावलीस म्हनं. कुनाच्या घराला?"

मीटर बघून भिंत कळत नाही. म्हणजे मामा नुसतं मीटर बघत नाहीत, लोकांना विचारत फिरतात. मी लंकाबाईंचं नाव सांगितलं. हे म्हणाले, घरात आणखी कोण असतं. मी फोन ठेवून दिला. नंतर पुन्हा वाजला, उचलला नाही.

मामांशी बोलणं बंद केलंय. ताट पुढं सरकवते आणि आत जाते.

२६ नोव्हेंबर

आज फळीला भोक पाडून दोरी बांधलेली. दोरी गाडीच्या कॅरिअरला अडकवलेली, म्हणजे मी गाडी काढली की फळी मागनं फरफटत येणार. लोकांनी हसावं म्हणून. दोरी कापून ठेवली, फळी चुलीत.

चेनीला हात लागला तर हात काळा झाला. कुणीतरी चेनीत काहीतरी केलंय. घाट उतरताना चेन निसटली तर मी कुठं जाईन? लस ठेवली बाजूला आणि आधी जामखेडला कारभारीकडं गेले. त्यानं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, चेन साफ करून तेल दिलंय, इतकं नीट तर मी पण देत नाही. "घरात कुनीतरी गाडीची काळजी घेतंय, वैनी."

मी त्याच्याकडं बघितलं. हाही मामांना ओळखतो. मामा बाजाराला आले की ह्याच्याच टपरीपाशी बसतात. दोघांनी मिळून ठरवलंय की काय, कळत नाही. गाडी पुन्हा त्याला दाखवायची नाही.

३० नोव्हेंबर

ह्यांचा निरोप आला, फोनवर नाही, भीमाकडून. असंच फिरणं चालू राहिलं तर हे मधेच येऊन मला घेऊन जातील. टोळीत एक कोयता कमी पडलाय. भीमा हे सांगताना खाली बघत होता.

निकिताला चौथीत पहिल्यांदाच सगळं वाचता यायला लागलंय. कालच तिनं औषधाच्या बाटलीवरचं मोठ्यानं वाचून दाखवलं.

मला कोण पाडतंय ते मला माहीत आहे. आता बघतेच.

२ डिसेंबर

काल संध्याकाळी डबल स्टँड तारेनं बांधून टाकला. वर चासीला लावून चार पदरी, पक्कडीनं पीळ दिला. म्हटलं आता लाव गाडी स्टँडवर. वर सीटवर चिंचोके ठेवले, हललं की पडतील.

दिवस उगवायच्या वेळेला आवाज आला. पत्र्यावर दगड पडावा तसा. बाहेर पळाले.

गाडी आडवी आणि मामा तिच्याखाली. एक पाय सायलेन्सरखाली, उजवा हात मागं दुमडलेला. मागच्या चाकापाशी नवी फळी. मला एकटीला गाडी उचलेना. आत्या ओरडत आल्या, भीमा कुंपणावरून उडी मारून आला, तिघांनी गाडी उचलली. मामांचं मनगट सुजून वाकडं झालं होतं. ते नुसतं स्टँडकडं बघत होते.

"तार कुनी बांदली?"

"मी," म्हटलं.

"बरं," म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

भीमाच्या टेम्पोत घालून जामखेडला नेलं. मनगट मोडलं, पाऊल मुका मार. हाड बसवून प्लास्टर घातलं. डॉक्टरनं विचारलं कसं झालं. मामा म्हणाले, पाय घसरला.

त्याच दिवशी, नंतर

दवाखान्याबाहेर बाकड्यावर मी आणि आत्या बसलो होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. मामा माझ्यावर पाळत ठेवतात, मीटर बघतात, ह्यांना कळवतात, म्हणून मी तार बांधली. आत्या ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "तेला फोनवर मी सांगत हुते गं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू मला सांगतीस, मी तेला सांगते. माजी सून एकटी घाट उतरून बारवंपातूर जाती, चाळीस-चाळीस शेळ्यास्नी सुया टोचती, हे मी कुनाला सांगू? भावकीतल्या बायास्नी सांगितलं तर नाकं मुरडत्यात. वाटलं पोराला तरी ऐकून बरं वाटंल."

"आणि मामा?"

"त्यांचं मला ठावं न्हाई. पहाटं उठून गाडीपाशी खुडबूड करत्यात एवढं खरं. म्या इचारलं तर म्हनले, तुजं काम न्हाई."

मी आत्यांकडं बघत राहिले. खरं बोलतायत की आता सारवासारव करतायत, हेच शोधत होते. एवढी सवय लागलीय मला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी मी शोधत होते.

४ डिसेंबर

मामांना ओट्यावर खाट टाकून दिलीय. दोन दिवस त्यांच्यासमोर जायला धजले नाही. आज चहा घेऊन गेले आणि तिथंच बसले. कसं विचारावं कळेना, म्हणून म्हटलं, मामा, ती फळी कशाची.

त्यांनी डाव्या हातानं गाडी दाखवली. "घे हिकडं."

गाडी आणली. ते खाटेवरूनच सांगत होते. फळी मागच्या चाकामागं ठेव, उतरती कड चाकाकडं करून. आता गाडी मागं घे, चाक फळीवर चढू दे. चढलं. म्हणाले, आता स्टँडवर पाय दे, अंगाचं वजन खाली टाक, आणि गाडी उचलू नको, नुसती मागं येऊ दे.

मी पाय दिला. गाडी मागं आली आणि आपोआप स्टँडवर बसली. घट्ट. कंबरेला काही कळलंसुद्धा नाही. गाडी जेवढी खाली आली तेवढी त्या फळीनं वर घेतली, बस्स.

मी तीन फळ्या जाळल्यात. ते बसून तासत होते, मी जाळत होते.

म्हटलं, मला सांगितलं का नाही तुम्ही. ते म्हणाले, "फळी ठिवली की कळंल वाटलं. दोरी बांदली, म्हनलं संगं नेशील वस्तीवर." मग म्हणाले, "सुनंला काय अन् कसं सांगावं, मला न्हाई जमत."

बारवेवर कशाला आला होता, ते मी विचारलं नाही. विचारायचं होतं.

८ डिसेंबर

हे आलेत. वडलांचं कळलं म्हणून सुट्टी काढून आले. दारात पिशवी टाकली, मामांचा हात बघितला आणि सरळ गाडीकडं गेले. बसले. गुडघे वर आले, लहान मुलाच्या सायकलवर बसल्यासारखे. उतरून मागचे शॉकअप बघितले.

"कुनी सांगितलं खाली घ्यायला?"

"कुणी नाही. माझे पाय टेकत नव्हते."

"कारभारीकडं कितीदा गेल्तीस?"

मी दोनदा म्हटलं. त्यांनी पुढं विचारलं, एकटी का, किती वेळ थांबलीस, डोंगरवस्तीवर लंकाबाईच्या घरात तरणं कोण आहे. निकिता आतून बघत होती. मी तिला आत जा म्हटलं. ह्यांनी एकदाच सांगितलं की पिशव्या भर, परवा माझ्याबरोबर यायचं.

मामा खाटेवरून म्हणाले, "कल्यान, हिकडं बस."

हे बसले नाहीत. मामा तरी बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तू फोनवर म्हनलास, तिच्यावर ध्यान ठिवा, कुटं जाती बगा. म्हनून म्या एक डाव मागं गेलो, बारवंपातूर. ही तितं शेळ्यांत हुबी. गाडी पडली, औशिद सांडलं, बाया बोलल्या. एकटीच मातीत बसली. मला फुडं जावंसं वाटलं, पन काय तोंडानं जाऊ? चोरावानी मागं आल्तो मी. तवापासनं तुजं ते काम सोडलं. गाडी हुबी करायचं काम धरलं."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"तू काय इचारायचास? कुटं गेली, कुनासंगं बोलली. काम कसं करती, हे कवा इचारलंस?"

हे उभेच होते. आत्या दारातून म्हणाल्या, चहा झालाय. कुणी हललं नाही.

मी पिशव्या भरल्या नाहीत.

९ डिसेंबर

सकाळी हे अंगणात गाडीपाशी. डबल स्टँडवर लावायला बघत होते. ट्रॅक्टरवर उसाच्या मोळ्या चढवणारे हात आहेत, तरी दोनदा गाडी निम्म्यात येऊन परत गेली. मी फळी नेऊन चाकामागं ठेवली. ह्यांनी फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पायानं फळी बाजूला सारली आणि तिसऱ्यांदा जोर करून लावली. मग कंबर धरून उभे राहिले.

मी लसीचा डबा बांधला. ह्यांनी विचारलं कुठं. बारवेवर, म्हटलं, त्या दिवशीच्या राहिलेल्या शेळ्या. हे घोंगडं घेऊन मामांच्या खाटेजवळ आडवे झाले.

बारवेवर फळी टाकून गाडी लावली. बाया बघत होत्या. कुणी काही बोललं नाही, आणि सगळ्या शेळ्या झाल्या.

१० डिसेंबर

हे गेले. एकटे गेले. जामखेडच्या एसटी स्टँडपर्यंत मी सोडलं. हे चालवतो म्हणाले, पण पन्नास पावलं जाऊन गुडघे हँडलला लागायला लागले, तेव्हा उतरून मागं बसले. खड्डा आला की माझ्या खांद्याला धरायचे आणि लगेच सोडायचे.

उतरल्यावर म्हणाले, "सीझन झाला की गाडी परत वर घिऊ."

मी मान हलवली नाही. हो पण नाही, नाही पण नाही. एसटी सुटेपर्यंत थांबले.

परत येताना कारभारीच्या टपरीपाशी थांबले. त्याच्यावर उगाच संशय घेतला होता, ते त्याला माहीत नाही, आणि मी सांगितलंही नाही. दोन्ही स्टँड कापून द्या म्हटलं. त्यानं विचारलं, वैनी, नंतर गाडी वर घ्यायची झाली तर? ह्या स्टँडवर मग चाक उचलणार न्हाई, बघा. मी म्हटलं, कापा.

ठिणग्या विझेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. जोडून झाल्यावर फळीशिवाय लावून बघितली. लागली.

१३ डिसेंबर

ह्यांना फोनवर मीच सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. स्टँड कापले. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बरं."

हे "बरं" मामांसारखं होतं की नव्हतं, ते मी दिवसभर मनात लावून बघतेय. राग गिळून म्हणाले असतील. किंवा खरंच बरं. एवढ्यावरून काही ठरत नाही. उन्हाळ्यात आले की कळेल.

कापलेला स्टँड मामांनी बघितला. बोटानं जोड चाचपला आणि म्हणाले, वेल्डिंग बरं झालंय.

१९ डिसेंबर

आज आत्या म्हणाल्या, मला बी ने. कुठं जातीस ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे, रोज ऐकून कंटाळा आला. त्या आयुष्यात कधी मोटरसायकलवर बसलेल्या नाहीत. भीमाच्या बायकोनं हसून विचारलं, कारखान्यावर निघालात का. आत्या म्हणाल्या, व्हय, शेळ्यांच्या. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसल्या आणि घाट उतरेपर्यंत माझ्या कंबरेला असं आवळून धरलं की श्वास घ्यायला होईना.

डोंगरवस्तीवर लंकाबाईंशी त्यांची पाच मिनिटांत ओळख निघाली. दोघींचं माहेर एकाच शिवारातलं. मग आत्या स्वतःच शेळ्या धरायला बसल्या. माझ्यापेक्षा चांगल्या धरतात, शेळी हलत नाही.

निम्मं काम झालं असताना माझा फोन वाजला. माझ्या एका हातात सुई, दुसऱ्या हातात शेळीचा कान. पिशवीतून काढा आणि हिरव्यावर बोट सरकवा म्हटलं. आत्यांनी दोन-तीनदा घासून तो उचलला आणि कानाला उलटा धरला. मी सरळ करायला सांगितला.

"कोन, कल्यान? व्हय, मीच हाय... डोंगरवस्तीवर... मंग, हिच्यासंगं, गाडीवर... न्हाई, तिला येळ न्हाई. आरं, हिचं हात गुतल्यात. आमी कामावर हाय. सांच्याला कर."

घरातल्या बटनांच्या फोनचं त्यांना जमतं, माझा कसा बंद करायचा ते माहीत नव्हतं. त्यांनी तो तसाच पिशवीत टाकला आणि पुढची शेळी ओढून गुडघ्यांत धरली. पिशवीतून ह्यांचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. मग गप्प झाला, पण फोन ठेवला नव्हता. शेळ्यांचं ओरडणं ऐकत असावेत.

मी सुई भरली.

"हिला कुटं टोचायची?" आत्यांनी विचारलं.

"मानेला," म्हटलं. "नीट धरा."